सोनकीच्या घुगऱ्या

अंकुरला माझ्या पेटीची किल्ली कुठे असते हे ठाऊक आहे, पण म्हणून ती पेटी त्याची होत नाही. मी बाभुळगावच्या बाजाराला गेलेली पाहून या माझ्या नातवाने पेटी उघडली, माझ्या लग्नातली फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, बाहेर काढली, तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या चांदीच्या घुगऱ्या काढल्या, आणि सगळं नेऊन भुताच्या अंगावर चढवलं. विचारणं तर सोडाच, नंतर सांगितलंही नाही. मला कळलं ते रस्त्यात. बकऱ्या घेऊन परतणारी एक बाई म्हणाली, "बिजलीबाई, तुही फेटिया नदीच्या काठानं लोळून राह्यली. आतमंदी कोनाची तरी पोट्टी हाये."

घरी येऊन अंकुरला विचारलं, तर म्हणतो, "दादी, ते प्रॉपर्टी हाये. पिच्चरमंदी सामानाले प्रॉपर्टी म्हनतेत."

"प्रॉपर्टीच हाये," मी म्हटलं. "माही."

अंकुर माझ्या भारतचा धाकटा. शिकायला अमरावतीला ठेवला, तो तिथून कॅमेरा शिकून आला. त्याच्याबरोबरची पोरं वणीला कोळशाच्या ट्रकवर गेली, कोणी यवतमाळला दुकानात लागली. हा केस वाढवून परतला आणि म्हणाला, मी हॉरर पिच्चर बनवणार, आपल्याच तांड्यात. भारत म्हणाला, बनव. माझी सून रंजिता म्हणाली, बनव रे बाबा, पण जेवायला वेळेवर येत जा. मला कोणी विचारलं नाही. गोष्ट मात्र माझी होती.

ती मी अंकुरला तो लहान असताना कितीदा सांगितली याला गणती नाही. आमच्यात गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. सांगणारी एक वाक्य बोलते, ऐकणारा 'हूं' म्हणतो, मग पुढचं वाक्य. हूं आला नाही तर दोनच अर्थ. एक तर पोर झोपलं, तेव्हा आपण तोंड मिटायचं. नाहीतर पोर घाबरलं, तेव्हा आवाज आणखी खाली आणायचा. अंकुर कोणत्या जागेवर हूं म्हणायचं विसरतो ते मला पाठ होतं. चादर नाकापर्यंत ओढायचा आणि नुसते डोळे ठेवायचा बाहेर.

तर शूटिंग झालं. गोवऱ्या पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला, सगळा तांडा खोकला. भुताचं काम करणारी पोरगी दीपा, बाभुळगावच्या धर्मपाल मास्तरांची. यवतमाळला कॉलेजात नाटकात काम करते. धूर खाऊन खाऊन तिचे डोळे सुजले, मीच तिला ताक दिलं. गुणी पोर, भूत असली तरी. मग अंकुरने सांगितलं की रविवारी संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या देवळासमोर पडदा लावून सगळ्या तांड्याला दाखवणार, आणि मग पिच्चर नागपूरला स्पर्धेत जाणार. त्याआधी घरच्यांनी पाहावा.

दुपारी जेवणं झाल्यावर खिडक्यांना गोधड्या लावून टीव्हीवर पिच्चर लागला. आधी आकाशातून तांडा दिसला. घरं, वावरं, बेंबळा नदी, सगळं वरून, घार फिरते तसं. रंजिता म्हणाली, "अवो माय, किती सुंदर!" सुंदर होतंच, खोटं कशाला बोलू. आमचा तांडा इतका नीटनेटका मी कधी पाहिला नव्हता; वरून उकिरडे ओळखू येत नाहीत. मग धूर आला. धुरातून लाल उजेड आला. लाल उजेडातून दीपा आली, केस तोंडावर, डोळे पांढरे, अंगावर माझी फेटिया, कानाशी माझ्या घुगऱ्या. कॅमेरा तिरपा झाला, मग उलटाच झाला, माणसं छतावरून चालायला लागली. मध्येच कोणी टिनावर दगड आपटावा तसा आवाज झाला आणि रंजिताचा चहा सांडला. दीपा एका माणसाच्या मागे उभी, तो वळला, आवाज. मग झाडावर, आवाज. मग विहिरीत, आवाज. शेवटी एक म्हातारा बोट रोखून ओरडतो, "सोनकी डाकण हाये! डाकण!" आणि दीपा मान गर्रकन फिरवून हसते. संपला.

"एक नंबर," भारत म्हणाला. तो अर्धा वेळ मोबाइल पाहत होता.

मी दचकले का? दचकले. माझ्या कानाजवळ परात पडली तरी मी दचकते. त्यासाठी गोष्ट लागत नाही.

"अंकुर," मी विचारलं, "हे सोनकी हाये?"

"हो ना दादी. तुहीच गोष्ट."

"तिचा नवरा केव्हा मेला?"

"आधीच. पिच्चर सुरू व्हायच्या आधी."

"मंग तिच्या घुगऱ्या काहून नाही निघाल्या?"

अंकुरने माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग आईकडे. "निघाल्या म्हंजे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला माहीतच नाही. घुगऱ्या म्हणजे कानशिलाजवळच्या केसांत गुंफायचे चांदीचे गोंडे, खाली बारीक घुंगरं. बाई चालली की गालाशी वाजतात. पण त्या नवरा जिवंत असलेल्या बाईनेच घालायच्या. तो गेला की तांड्याच्या बाया जमतात आणि केसांतून सोडून घेतात. रंजिता साडीतच लग्न होऊन आली, तिच्या कानाशी घुगरी कधी आली नाही. अंकुरने घुगऱ्या पाहिल्या त्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये, नाचणाऱ्या पोरींच्या डोक्यावर, भाड्याने आणलेल्या. त्याला तो दागिना वाटला.

"उजेडात चमकतेत, म्हनून घातल्या," तो म्हणाला. "लुक येते दादी."

"लुक आला अन् गोष्ट गेली. घुगऱ्या पह्यल्यापासूनच डोक्यावर असल्या तं मंग भ्यायचं कायले?"

"पन तू कधी सांगतलंच नाही."

"सांगाले काय लागते? ऐकनाऱ्याले मालूम राह्यते."

"मले नव्हतं मालूम."

मी दुसरीकडून धरलं. "अन् डाकण कुठून आनली? माह्या गोष्टीत तो शब्द नाही."

"दादी, हॉररमंदी कोनीतरी खराब पाहिजे. लोकाले स्टाइल पाहिजे. निरी एक बाई चालत आली तं लोक मोबाइल काढतीन." आणि त्याने बापाकडे पाहिलं. भारतने मोबाइल उशीखाली सारला.

आमच्या तांड्यांमध्ये तो शब्द हलका नाही. ज्या बाईवर तो पडला तिला राहतं घर सोडावं लागे, तिच्या लेकीला कोणी मागणी घालत नसे. आणि सोनकी ही काही पुस्तकातली बाई नव्हे. माझ्या सासूची ती जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जिवंत होती; माझ्या हातची भाकर खाल्लेली बाई. तिची लेक रुपीबाई अजून माझ्या घरापासून दोन दारं पलीकडे राहते. रविवारी तीही पडद्यासमोर येणार होती.

"रुपी पाह्यनार हाये हे," मी म्हटलं.

"नाव बदलवून टाकतो मंग."

"तांड्याले नाव सांगा लागते? अन् रुपीले?"

"तुले पिच्चरमधलं काही समजत नाही दादी," असं म्हणून तो उठला, गाडीला किक मारली आणि गेला. रंजिता मला याडी, म्हणजे आईच म्हणते; ती म्हणाली, "याडी, पोरानं एवढी मेहनत केली, चांगलं म्हनलं असतं तं काय झालं असतं?" मी म्हटलं, मेहनत तर त्या कडुनिंबानेही केली.

ऊन उतरल्यावर रुपीबाई काठी टेकत ओट्यावर आली. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आईकडेच परतून राहिली. माझी चुलत नणंद. वयाने माझ्याहून मोठी, गुडघ्याने अधू, जिभेने माझ्या बरोबरीची. तेवढ्यात अंकुर परतला. तो गाडी लावून मागच्या दाराने सटकणार, तर तिने हाक मारली.

"ये इकडं, डायरेक्टर. माही याडी हाये म्हनतेत तुह्या पिच्चरमंदी."

"हो, आत्याबाई."

"कशी दिसते?"

अंकुर गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला.

"फोटू नाही रे तिचा कोनापाशी," रुपी म्हणाली. "तव्हा कोन काढे फोटू? मले याद होतं तिचं तोंड, पन आता सपनात येते तं कधी बिजलीचं तोंड राह्यते तिले, कधी माहंच. बिजलीचं असलं तं मी उठूनच बसतो."

"भेव वाटते ना माह्या तोंडाचं?" मी म्हटलं.

"त्याच्यापायीच. म्हनलं पोट्ट्यानं पिच्चर काढला तं पाहून घेऊ. पह्यल्या लाइनीत बसतो मी. चष्मा पुसून ठेवला."

अशा वेळी माझ्या जिभेला गप्प बसवणं मला जड जातं, पण बसवली. बोलायचं होतं ते अंकुरने. तो तिच्या पायांकडे पाहत म्हणाला, "दाखवीन, आत्याबाई." एवढंच. आत गेला तो जेवला नाही. रंजिताने ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ताट मीच पळवलं होतं.

सकाळी तो कॅमेरा घेऊन माझ्यासमोर उभा. "दादी, गोष्ट सांग. पूरी. लोकाले मालूम हाये समजून जे सोडून देतं, ते बी."

दीपाही तिच्या स्कूटीवरून आली होती. अंकुरने मला ओट्यावर बसवलं, पदराला बारकं यंत्र लावलं, एक दिवा तोंडावर मारला. मी सुरुवात केली, "सोनकीचा नवरा गाडी जुंपून यवतमाळले गेला." आणि थांबले.

अंकुरने हाताने खूण केली, पुढे.

"हूं म्हन."

त्याने तोंडावर बोट ठेवलं. "दादी, मधात माहा आवाज येते ना."

"मंग तुह्या मशीनले सांग हूं म्हनाले."

"मनातल्या मनात म्हनतो मी. तू सांग."

सांगून पाहिलं. एक वाक्य, दुसरं वाक्य. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं झालं. कुठे हळू बोलावं, कुठे थांबावं, काहीच कळेना. माझी जन्माची पाठ असलेली गोष्ट, आणि मी तिच्यात बाहेरगावच्या माणसासारखी वाट विचारत फिरत होते. तेव्हा मला अंकुरचा थोडा विचार आला. मी समोरचं तोंड पाहून सांगते. याला तोंडच दिसत नाही. याची गोष्ट ऐकणारे कुठल्या गावी, कधी बसतील, घाबरतील की झोपतील, याला काय ठाऊक? म्हणून हा आवाज करतो. अंधारातून एकटा चाललेला माणूस मोठमोठ्याने गातो ना, तसा. पण हे मी त्याला सांगितलं नाही. लगेच फुगला असता.

दीपा दिव्याच्या मागून पुढे आली आणि माझ्या पायाशी बसली. "आजी, मी म्हनतो हूं. याले मंग काय कापाचं ते कापू द्या."

मी पुन्हा सुरुवात केली.

"सोनकीचा नवरा गाडी जुंपून यवतमाळला मीठ आणायला गेला. पोळा झाला होता."

"हूं."

"परत येताना बेंबळेला पूर. बैल घरी आले. जू मोडलेलं. गाडी नाही, माणूस नाही."

"हूं."

"तांड्यानं दोन्ही काठ शोधले. मग वाट पाहिली. दसरा गेला, दिवाळी गेली. मग तांड्याचा मुखिया, नायक, म्हणाला, मेला. बाया जमल्या आणि सोनकीच्या घुगऱ्या सोडल्या. एका बाजूची माझ्या सासूनं सोडली, जावेची म्हणून. सोनकी हलली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, त्याले पाह्यलं का कोनी?"

"मग?"

"मग नाही, हूं."

"हूं."

"घरातल्या म्हातारीनं, म्हणजे तिच्या सासूनं, घुगऱ्या फडक्यात बांधल्या आणि आढ्याला टांगल्या. नात मोठी झाली की तिला होतील म्हणून. सोनकी घरात कामं करायची, पण कोणाशी बोलायची नाही. दिवेलागणीला घागर घेऊन नदीवर जायची."

"हूं."

"एका संध्याकाळी घरात म्हातारी, माझी सासू, आणि झोळीत रुपी. सोनकी पाण्याला गेलेली. वाटेवर आवाज आला. छुम."

"हूं."

"माझ्या सासूला वाटलं, कोणी पाहुणी येत असेल. कारण त्या घरात आता घुगऱ्या घालणारी एकटी तीच होती, आणि ती चुलीपाशी बसलेली. तिनं आपल्या कानाशी हात नेला. आपल्याच तर वाजत नाहीत? दोन्ही मुठीत धरल्या. बाहेर पुन्हा वाजलं. छुम. आता अंगणात."

"हूं," दीपा म्हणाली, पण अगदी बारीक.

"म्हातारीनं मान वर केली. आढ्याला फडकं होतं. गाठ तशीच होती."

दीपाने हूं म्हटलं नाही. मी आवाज खाली आणला.

"दारात सोनकी उभी. डोक्यावर घागर. दोन्ही कानशिलांशी घुगऱ्या. म्हणाली, पाहुणा आला, पाय धुवाले पाणी ठेवा. तिच्या मागं अंगणात कोणीच नव्हतं. कोरडी माती होती, ती ओली होत होती. एका पावलाएवढी. मग त्याच्या पुढं, दुसऱ्या."

अंकुरचा हात कॅमेऱ्यावर होता, पण तो कॅमेऱ्यात पाहत नव्हता. चादर असती तर नाकापर्यंत ओढली असती.

"म्हातारी उठली. लोटा भरला, उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार उघडंच ठेवून दिलं. सकाळी लोट्यात नदीचा गाळ होता. आढ्याचं फडकं सोडून पाहिलं तर आत काही नाही. घुगऱ्या सोनकीच्या कानाशी राहिल्या, मरेपर्यंत. मी स्वतः पाहिल्यात. तांड्यात कोणी डाकण म्हणायला तोंड उघडलं, तर म्हातारी म्हणायची, पानी मी ठेवलं, बोलाचं तं माह्याशी बोला. पुन्हा कोणी बोललं नाही."

दीपा म्हणाली, "आजी, काय जीभ हाये तुमची, मी तं पाण्याच्या लोट्याले बी भेऊन राह्यली आता." आणि हसली. पण तिने ओढणी अंगाभोवती घट्ट घेतली होती, भर उन्हात.

अंकुर म्हणाला, "दाखवाले तं काहीच नाही याच्यात. एक फडकं, एक लोटा."

"तेवढंच हाये."

"माहा ड्रोन? लाल लाइट? नदीवरचा तो शॉट मी किती उन्हातान्हात उभा राहून घेतला, दादी."

"तुह्या पिच्चरमंदी एक जागा चांगली होती," मी म्हटलं. "चुलीपाशी लोटा राह्यते अन् काहीच होत नाही. तिथं मले वाटलं, आता काहीतरी येते."

अंकुरचं तोंड पाहण्यासारखं झालं. "ते चुकून राह्यलं ना. कॅमेरा बंद करायचा राह्यला होता."

"मंग चुकत जाय."

दीपा इतकी हसली की स्कूटीला धरून उभी राहिली.

रविवारपर्यंत त्या दोघांनी पुन्हा काम केलं. पिच्चरमधून डाकण गेली. छतावरून चालणारी माणसं गेली. घुगऱ्या सुटल्यानंतरच्या भागात दीपा उघड्या कानांनी फिरली, पांढरे डोळे काढून, नुसती घागर घेऊन. ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला अंकुरने काढून टाकलं. तो म्हातारा माझ्याशी अजून नीट बोलत नाही. आणि सोनकीच्या सासूचं काम करायला बाई पाहिजे म्हणून अंकुर माझ्याभोवती घुटमळू लागला. मी काही लगेच हो म्हटलं नाही. तीनदा विचारायला लावलं.

"दादी, लोटा ठेवतांना जरा भेल्यावानी कर," त्याने सांगितलं.

"म्हातारी भेली नव्हती. भेली असती तं दार लावून घेतलं असतं."

तो कॅमेऱ्यामागे परत गेला आणि म्हणाला, "बरं. तसंच ठेव."

सोडायच्या प्रसंगासाठी आणि शेवटच्या भागासाठी दीपाला घुगऱ्या पाहिजे होत्या. आधी तिने त्या पिनांनी अडकवल्या होत्या. मी तिला पाटावर बसवलं. पूनमसिंग गेले, आमचे मालक, तेव्हा माझ्या घुगऱ्या रुपीने सोडल्या होत्या, आणि त्यानंतर मी त्या फडक्यातून काढल्या नव्हत्या. विधवेने दुसरीला घुगऱ्या गुंफू नयेत असं म्हणणारे आहेत. दीपाचं तर लग्नच झालं नव्हतं, तिला कसला अपशकुन? मी गुंफल्या. बोटांना वेणी आठवत होती. दीपाने मान हलवली आणि माझ्या हाताशीच छुम झालं, तर मी मिनिटभर तशीच थांबले. "आजी, दुखलं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "डोकं तुहं, अन् दुखीन मले?"

रविवारी दिवेलागणीला देवळासमोर पांढरं कापड बांधलं. पोरं आधीच मातीत बसली होती. रुपीबाईला खुर्ची दिली, पहिल्या रांगेत, चष्मा पुसलेला. मी तिच्या शेजारी. आकाशातून तांडा दिसला, तो मात्र अंकुरने ठेवला होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "हे आमचं घर!" "अबे ते गोठा हाये तुहा!" मी पडद्यावर आले तेव्हा मागून कोणी म्हणालं, "बिजलीबाई सासूच्या कामात? अॅक्टिंग कराची गरजच नाही." मी आवाज ओळखून ठेवला.

मग घुगऱ्या सुटल्या. दीपाने विचारलं, त्याले पाह्यलं का कोनी? म्हाताऱ्या बाया गप्प झाल्या. पोरांना काही कळलं नव्हतं, पण आज्या गप्प झाल्या म्हणून तीही हळूहळू गप्प झाली. पडद्यावर नुसती वाट, संध्याकाळची, रिकामी. बराच वेळ रिकामी. कोणी मोबाइल काढला नाही. आणि मग आवाज. छुम.

माझ्या मागे एका बाईने श्वास घेतला तो मला ऐकू आला.

आढ्याचं फडकं. गाठ. दारात दीपा, घागर, घुगऱ्या. मी लोटा भरून उंबऱ्याबाहेर ठेवला. सगळ्या तांड्यातून एक आवाज नाही, कुत्रंदेखील भुंकलं नाही. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून रुपी म्हणाली, "हूं."

पुढे सांग, असं.

तिथेच संपायला पाहिजे होतं. पण अंकुर तो अंकुर. लोट्यानंतर त्याने धुरासकट नदीवरचा तो लाल उजेड लावला, टिनावर दगड आपटल्यासारखा आवाज केला, आणि पडदा काळा झाला. पोरं किंचाळली, मग हसली, शिट्ट्या मारत उठली. म्हाताऱ्या बाया जागेवरच राहिल्या.

रुपीने चष्मा काढून पदराला पुसला. "पोट्टी माह्या याडीवानी दिसत नाही," ती म्हणाली. "पन घागर घेऊन चालत आली ना, ते चाल तिचीच. मी विसरली होती." मग तिने काठी घेतली आणि कोणाचा हात न धरता घराकडे निघाली.

अंकुर तारा गुंडाळत होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारून जात होते. पण त्याचं लक्ष माझ्याकडे. शेवटी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात घुगऱ्यांचं फडकं, नीट गाठ मारलेलं. "काय दादी? कसा झाला?"

मी म्हटलं, "गोष्ट सांगता येते तुले, अंकुर. पन तुले वाटते, लोक उठून जातीन, म्हनून शेवटी धूर सोडतं. रुपी उठली का? नाही उठली. नागपूरले धाडाच्या आधी ते लाल उजेड काढून टाक. दे घुगऱ्या इकडं, अन् हात धुवून जेवाले चाल."